सुरंगीची अनामत आणि सुताराची भोकं

एका जंगलात, मुलांनो, घरं पुष्कळ होती आणि राहायला जागा नव्हती.

तुम्ही म्हणाल, असं कसं? तर ऐका. त्या जंगलात जुनी, उंच झाडं होती. झाडांना ढोल्या होत्या. ढोली म्हणजे खोडातली पोकळ जागा. आत ऊब असते, वारा लागत नाही, दाराशी बसलं की लांबवरचं दिसतं. पण बहुतेक ढोल्यांचे मालक दुसऱ्याच ढोल्यांत राहायचे. आपल्या रिकाम्या ढोल्यांकडे ते लांबून बघायचे आणि खूश व्हायचे. “भाव वाढतोय,” असं एकमेकांना सांगायचे. ढोल्यांमध्ये कोळी राहायचे. ते भाडं देत नसत, पण प्रश्नही विचारत नसत.

अशा या जंगलात सुरंगी नावाची एक शेकरू आली.

शेकरू म्हणजे मोठी, तांबूस, झुपकेदार शेपटीची खार. सुरंगी वरच्या डोंगरातली. वयाने लहान, पण नाक फार तयार. फणसाचा नुसता वास घेऊन, तो आज फोडावा की परवा, हे ती अचूक सांगायची. राजाच्या फळकोठारात अशाच नाकाची गरज होती. निरोप आला आणि सुरंगी निघाली.

निघताना आईने तिला एक टोपली भरून आठळ्या दिल्या. आठळी म्हणजे फणसाची बी. त्या जंगलात सगळे व्यवहार आठळ्यांतच चालत. आठळी उकडून खाता येते, भाजून खाता येते, आणि खायची नसेल तर साठवता येते. आपल्या नोटांपेक्षा ही सोय बरी.

“घरमालक अनामत मागतात म्हणे,” आई म्हणाली. “अनामत म्हणजे ठेव. जागा सोडली की परत मिळते. मिळाली की लगेच पाठव. घरात आता फारसं काही उरलेलं नाही. पुढच्या पावसाळ्यात धाकट्यांना याचाच आधार आहे.”

सुरंगीची धाकटी भावंडं तिच्या शेपटीला लोंबकळत होती. एकाने टोपलीतली एक आठळी उचलली होती. सुरंगीने ती त्याच्याकडून घेतली नाही.

जंगलात पोचल्यावर ती थेट फळकोठारात गेली. तिथे अस्वलबाई मुख्य होत्या. त्यांनी सुरंगीसमोर पाच पपया ठेवल्या. सुरंगीने वास घेतला आणि एका पपईकडे बोट दाखवलं. “ही आतून सडलीय.” अस्वलबाईंनी ती फोडली. सडली होती.

“छान,” अस्वलबाई म्हणाल्या. “पत्ता दे. पत्त्याशिवाय आम्ही कुणाला कामावर घेत नाही.”

सुरंगी जागा शोधायला गेली. पहिल्याच झाडावरच्या मालकाने विचारलं, “नोकरी कुठे करतेस? नोकरीशिवाय आम्ही कुणाला जागा देत नाही.”

सुरंगी परत कोठारात आली. तिथून परत झाडावर गेली. मग पुन्हा कोठारात आली. शेवटी अस्वलबाईंनाच तिची दया आली. “अमावास्येपर्यंत तुझी जागा धरून ठेवते,” त्या म्हणाल्या. “त्यानंतर मात्र दुसरं नाक बघावं लागेल.”

आता मुलांनो, ज्याला जागा हवी असते त्याला दलाल शोधावा लागत नाही. दलालच त्याला शोधून काढतो. झऱ्याकाठी पाणी पिताना सुरंगीला शेजारच्या दगडावरून आवाज आला.

“ताई, जागा बघताय?”

सुरंगीने दगडाकडे पाहिलं. दगडाला डोळे होते. मग दगडाचा एक तुकडा हिरवा झाला आणि पुढे आला. तो रंगनाथ सरडा होता.

“हो,” सुरंगी म्हणाली.

“मग काम झालं समजा. फक्त तेवढं पाहणी शुल्क द्या.”

“ते काय असतं?”

“जागा पाहण्याचं शुल्क.”

“जागा कुठे आहे?”

“ती शुल्क भरल्यावर दाखवतो.”

“आणि नाही आवडली तर?”

“दुसरी दाखवू की!”

“तिचं शुल्क?”

“ते वेगळं.”

सुरंगी विचारात पडली. “म्हणजे जागा जितक्या वाईट निघतील, तितका तुमचा फायदा?”

मुलांनो, सुरंगीला टोमणा मारायचा नव्हता. तिला खरंच समजलं नव्हतं. पण रंगनाथ हिरव्याचा पिवळा झाला. इतकी वर्षं दलाली करून हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. 

“चला,” तो म्हणाला, “तुम्ही नवीन आहात, तुम्हाला म्हणून फुकट दाखवतो.”

नदीच्या वळणावर बेहड्याचं एक प्रचंड झाड होतं. त्याच्या बुंध्यावर ‘धनेश हाइट्स’ असं कोरलेलं होतं. झाडाखाली पोचताच रंगनाथ थांबला आणि त्याने गळा फुगवला.

“ताई, एक सांगायचं राहिलं. याच जागेसाठी एक उदमांजर येतंय. रोख घेऊन. तुम्ही आत्ता बयाणा म्हणून थोडं दिलंत, तर मी त्यांना परस्पर ‘नाही’ म्हणून सांगतो.”

“येतायत का ते?” सुरंगी म्हणाली. “मग त्यांना आधी बघू दे. त्यांची गरज जास्त असेल.”

आणि ती बुंध्याशी टोपली टेकून बसली.

 रंगनाथही बसला. ऊन डोक्यावर आलं. मुंग्यांची एक रांग आली आणि गेली. उदमांजर काही आलं नाही. रंगनाथ हळूहळू मातीच्या रंगाचा होत चालला.

“त्यांचं रद्द झालेलं दिसतंय,” तो शेवटी म्हणाला.

“तुम्हाला कुणी सांगितलं? इथे तर कुणीच आलं नाही.”

 रंगनाथ झाडावर चढू लागला. सुरंगी त्याच्या मागोमाग गेली.

ढोली चांगली होती. तळ कोरडा होता. तोंड पूर्वेला होतं आणि तिथून राजाचं फळकोठार दिसत होतं. पण एका भिंतीला पुष्कळ भोकं होती आणि एक कोपरा ओला होता.

“ही भोकं कसली?” सुरंगीने विचारलं.

“हवा खेळती राहावी म्हणून. खास करून घेतलीत.”

“आणि हा कोपरा?”

“थंडावा.” रंगनाथ नेमका त्या कोपऱ्यासमोर उभा राहून भिंतीच्या रंगाचा झाला होता. पण ओल त्याच्या दोन्ही बाजूंनी दिसत होती.

तरीही सुरंगीला ती ढोली आवडली. कधी कधी असं होतं. तिने मनातल्या मनात कोपऱ्यात पानांचं अंथरूण घातलं. दाराशी बसून पहिल्या दिवशी काय खायचं तेही ठरवलं. आणि मुलांनो, जागेत मनाने राहायला गेलं, की तोंड उघडणं अवघड होतं. दलालांना हे ठाऊक असतं. रंगनाथ खुशीत हिरवागार झाला.

मालक वरच्या फांदीवर राहत. धनेशराव त्यांचं नाव. तुम्ही धनेश पक्षी पाहिला असेल. भली मोठी पिवळी चोच, आणि त्या चोचीवर दुसरी एक अर्धी चोच ठेवल्यासारखी दिसते. त्यामुळे धनेशराव काहीही बोलले तरी ते वजनदार वाटायचं.

त्यांच्या मागे एका ढोलीचं तोंड मातीने लिंपलेलं होतं. मध्ये एक बारीक फट होती. धनेश पक्ष्यांत रीतच तशी आहे. अंडी उबवायच्या दिवसांत बाई ढोलीत बसते, तोंड लिंपून घेते आणि चोच बाहेर काढता येईल एवढी फट ठेवते. नवरा दिवसभर फळं आणून तिला भरवतो. धनेशवहिनी तेव्हा आत बसल्या होत्या. त्यांना बाहेर येता येत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. धनेशराव ही गोष्ट नेहमी विसरायचे.

“ये बाळ, ये,” धनेशराव म्हणाले. “आमच्याकडे भाडेकरू असं कुणी नसतं. सगळी घरचीच मंडळी. भाडं ठीक आहे ना? अनामत दहा महिन्यांची. रंगनाथची दलाली दोन महिन्यांची. मग प्रवेश शुल्क.”

“ते कशाचं काका?”

“आत येण्याचं.”

“भाडं दिल्यावर आत येता येत नाही?”

“येतं. पण हे दिल्यावर सन्मानाने येता येतं. मग सूर्यप्रकाश शुल्क.”

सुरंगीने वर पाहिलं. “सूर्य तुमचा आहे?”

“सूर्य नाही, दिशा माझी आहे. मग जिन्याची देखभाल.”

“जिना कुठे आहे?”

“होईल. आणि शेवटी परत न मिळणारी अनामत.”

सुरंगी गोंधळली. आईने तिला वेगळं सांगितलं होतं. “अनामत म्हणजे परत मिळते ती ना?”

“ती परत मिळणारी अनामत. ही परत न मिळणारी.”

“मग हिला अनामत का म्हणायचं?”

“ऐकायला बरं वाटतं,” धनेशराव म्हणाले. पण आता त्यांचा आवाज जरा चढला. “बाळ, एक सांगू? चांगल्या घरातली मुलं असे प्रश्न विचारत नाहीत. या झाडावर सगळे सुशिक्षित राहतात. हे आपले भारद्वाज. राजदरबारात नोकरी करून निवृत्त झाले. इतकी वर्षं इथे आहेत. विचार त्यांना, कधी तोंडातून शब्द काढला का?”

खालच्या फांदीवर भारद्वाजकाका बसले होते. तांबूस पंख, लाल डोळे, चालण्यात रुबाब. त्यांनी सुरंगीला बाजूला घेतलं.

“देऊन मोकळं व्हायचं बरं का,” ते हळूच म्हणाले. “पहिल्या दिवशी माझ्याही मनात आलं होतं विचारायचं. पण नेमका माझ्या मागे एक मोर उभा होता. आता मोरासमोर कसं विचारणार, जिना कुठे आहे म्हणून? माणसाची... म्हणजे पक्ष्याची काही किंमत राहते का?”

“मग तुम्ही दिलं?”

“अजून देतोय,” भारद्वाजकाका म्हणाले आणि दुसरीकडे पाहू लागले.

सुरंगीला लाज वाटली. तिला एकदम आपली टोपली जुनी वाटली, आपली बोली गावंढळ वाटली. सगळे आपल्याकडेच बघतायत असं तिला वाटलं.

“उद्या सकाळी आणते,” ती पुटपुटली.

“शहाणी आहेस,” धनेशराव म्हणाले. रंगनाथ इतका खूश झाला, की त्याच्या अंगावर दोन रंग एकदम आले.

संध्याकाळी सुरंगी नदीकाठच्या खडकावर बसली. तिने आठळ्या समोर मांडल्या. धनेशरावांचा ढीग, रंगनाथचा ढीग, सूर्याचा ढीग, न झालेल्या जिन्याचा ढीग. सगळे ढीग झाल्यावर टोपलीच्या तळाशी मूठभर आठळ्या उरल्या. आणि बाजूला काढलेल्यांपैकी निम्म्या तर परत येणारच नव्हत्या.

तिला रडू आलं. थोडा वेळ ती रडली. मग तिच्या मनात आलं, विचारलं तर लाज मला वाटेल. नाही विचारलं तर उपाशी धाकटी राहतील. लाज वाटून कुणी मेल्याचं तिने ऐकलं नव्हतं. उपाशी राहून मेल्याचं ऐकलं होतं.

तेव्हा तिने ठरवलं, की उद्या वाटेल तेवढी लाज वाटू द्यायची, आणि तरी विचारायचं.

सकाळी ती धनेश हाइट्सवर गेली तेव्हा धनेशराव चोच घासून तयार बसले होते. रंगनाथ करारनाम्याचं पान घेऊन आला होता. ते सागाचं मोठं पान होतं. सुरंगीने ते हातात घेतलं आणि वाचायला सुरुवात केली.

“वाचायचं काही नाही हो त्यात,” रंगनाथ म्हणाला. “नेहमीचंच आहे. खाली ठसा उठवा फक्त.”

“नेहमीचं तुमच्यासाठी. मी पहिल्यांदाच घर घेतेय,” सुरंगी म्हणाली आणि वाचत राहिली.  तिने शेपटी पायांभोवती घट्ट गुंडाळून घेतली.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, “काका, यात लिहिलंय की जागा सोडताना भिंतीला भोकं असली, तर अनामतीतून खर्च कापणार. पण भोकं तर आत्ताच आहेत. ती आधीपासून आहेत एवढं यावर लिहून द्या. आणि कोपरा ओला आहे, तेही.”

धनेशरावांनी डोळे मोठे केले. “माझ्यावर विश्वास नाही?”

“तुमच्यावर आहे काका. पण उद्या माझ्या लक्षात राहील, तुमच्या राहणार नाही. तुमच्याकडे इतक्या ढोल्या आहेत.”

“अगं, ती भोकं आधीच्या भाडेकरूने पाडली. सुतारपक्षी होता तो. ठोकायची सवय. जाताना मी त्याच्या अनामतीतून बुजवण्याचा खर्च कापून घेतला. विषय संपला!”

“बरं झालं,” सुरंगी म्हणाली. “मग बुजवली का नाहीत?”

धनेशरावांनी चोच उघडली. 

आणि तेवढ्यात मागच्या फटीतून आवाज आला.

“अहो, सुताराने कुठे पाडली? तो बिचारा आला तेव्हा होतीच की ती!”

सगळ्यांनी वर पाहिलं. फटीतून धनेशवहिनींची चोच बाहेर आली होती.

“तू शांत बस,” धनेशराव घाईघाईने म्हणाले. “अंड्यांना त्रास होतो.”

“अंडी काही म्हणत नाहीत. सुताराच्या आधी तो पोपट होता ना? त्याच्याकडूनही तुम्ही याच भोकांच्या आठळ्या कापल्यात. तेव्हा म्हणालात, पोपटाने चोचीने कोरली!”

धनेशरावांनी जवळचं उंबर उचललं आणि फटीतून आत कोंबलं. “घे, खा. भूक लागली असेल.”

वहिनींनी उंबर खाल्लं. तेवढा वेळ शांततेत गेला. आतापर्यंत खालच्या फांद्यांवर गर्दी जमली होती. वटवाघळं झोपेतून उठून ऐकत होती. कोळीसुद्धा दाराशी आले होते.

“आणि पोपटाच्या आधी ती पिंगळीण,” वहिनी तोंड पुसून पुढे म्हणाल्या. “किती रडत गेली ती! पिंगळीण भोकं पाडते का कधी? अहो, आपण लग्न होऊन या झाडावर आलो, तेव्हाच ती भोकं होती. भुंग्यांनी पाडलेली. मी म्हटलं बुजवून घ्या, तर तुम्ही म्हणालात, असू देत, उपयोगी पडतील!”

धनेशरावांनी आणखी एक उंबर शोधलं. पण जवळची संपली होती.

मग एक गोष्ट घडली, जी त्या झाडावर आजवर कधी घडली नव्हती. भारद्वाजकाका फांदीच्या मध्यभागी येऊन उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला. पंख नीट केले. पुन्हा घसा साफ केला.

“धनेशराव,” ते म्हणाले, “रागावणार नसाल तर एक विचारू? माझी ढोली उत्तरेला आहे. माझ्याकडे सूर्य... साधारण कधी येतो?”

 आयुष्यभर दरबारात होय म्हणत आलेल्या त्या पक्ष्याला एवढं विचारायला किती त्रास झाला असेल, हे सुरंगीला कळलं. ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

धनेशराव म्हणाले, “अहो, तुम्हाला सूर्य येत नाही, पण येण्याची शक्यता...”

“आम्ही उलटे लटकतो,” खालून एक वटवाघूळ ओरडलं. “आम्हाला जिना कशाला?”

“आमच्याकडून घेतलेलं फुलांच्या सुगंधाचं शुल्क?” दुसऱ्या एकीने विचारलं. “या झाडाच्या फुलांना तर नुसता कुबट वास येतो!”

मग एकच गलका झाला. प्रत्येकाला काहीतरी आठवलं. जे विचारायला वर्षानुवर्षं कुणाला धीर झाला नव्हता, ते सगळे एकदम विचारू लागले. कुणी हसत होतं, कुणी चिडलं होतं. भारद्वाजकाका तर तिसऱ्या प्रश्नावर पोचले होते आणि थांबायला तयार नव्हते.

“अहो,” फटीतून पुन्हा आवाज आला, “ते नंतर करा. मला भूक लागलीय. आणि त्या मुलीला जागा द्या. सुतार गेल्यापासून ढोली रिकामी आहे. कोळी काही भाडं देत नाहीत.”

धनेशराव घामाघूम झाले. त्यांना फळं आणायला जायचं होतं. समोर सगळं झाड उभं होतं. सुरंगीने आवाज शक्य तेवढा सरळ ठेवला.

“काका, भाडं मी दर पौर्णिमेला वेळेवर देईन. अनामत दोन महिन्यांची देते. ती परत मिळणारी. बाकी शुल्कं नकोत. भोकं आणि ओल लिहून द्या, आणि कोपरा कोरडा करून घ्या. नाही जमलं तर राग नाही. मी शेजारच्या जांभळावर विचारते.”

आणि ती खरंच टोपली उचलून निघाली. मुलांनो, ती ढोली तिला फार हवी होती. अमावास्या जवळ आली होती. पण ती मागे न बघता फांदी उतरू लागली.

“थांबा ताई!” रंगनाथ धावला. भाडेकरू गेली की दलालीही जाणार हे त्याच्या लक्षात आलं होतं. धावता धावता तो अगदी शेकरूसारखा तांबूस झाला. “धनेशराव, ताईंचं अगदी बरोबर आहे. मी तर पहिल्यापासून हेच म्हणतोय!”

“तू काय म्हणतोयस?” धनेशराव ओरडले.

“एका महिन्याची दलाली,” सुरंगी थांबून म्हणाली.

“मी पहिल्यापासून एकच महिना म्हणत होतो,” रंगनाथ म्हणाला.

धनेशरावांनी जांभळाच्या झाडाकडे पाहिलं. मग लिंपलेल्या ढोलीकडे पाहिलं. मग सागाचं पान ओढून घेतलं आणि त्यावर चोचीने लिहिलं. भोकं आहेत. आधीपासून आहेत. कोपरा ओला आहे. खाली ठसा उठवला आणि उंबरं आणायला उडून गेले.

त्याच दिवशी सुरंगीने अस्वलबाईंना पत्ता दिला. अस्वलबाईंनी तिच्यासमोर टोपलीभर चिकू ठेवले आणि म्हणाल्या, “लाग कामाला.”

सुरंगी त्या ढोलीत सुखाने राहिली. भाडं वेळेवर देत राहिली. कोपरा धनेशरावांनी दुरुस्त केला, थोडा उशिरा, पण केला. भारद्वाजकाका रोज सकाळी तिच्याकडे उन्हात बसायला यायचे. वहिनी पिल्लांसह बाहेर आल्या आणि सगळ्यात आधी सुरंगीला भेटायला गेल्या. तिचा आवाजच त्यांच्या ओळखीचा होता, चेहरा त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

पुढे नदीपलीकडे राजाचं नवं कोठार झालं आणि सुरंगीला तिथे मुख्य केलं. जागा सोडायची वेळ आली. धनेशराव ढोली तपासायला आले. त्यांनी भिंतीला डोळा लावून पाहिलं. तळ ठोकून पाहिला. भोकं होती तेवढीच होती. बराच वेळ गेला. शेवटी त्यांनी हवा हुंगली.

“फणसाचा वास राहिलाय,” ते म्हणाले. “वास काढायचा खर्च...”

“काका,” सुरंगी म्हणाली.

“नाही, मी आपलं नुसतं म्हटलं,” धनेशराव म्हणाले आणि त्यांनी अनामत परत दिली. सगळी.

सुरंगीने ती टोपली स्वतः डोंगरावर नेली. आईने आठळ्या पाटीत ओतल्या आणि त्यावरून हात फिरवला.

“सगळ्या मिळाल्या?”

“सगळ्या.”

“तिकडचे लोक चांगले आहेत म्हणायचे!” आई म्हणाली.

सुरंगीने मूठभर आठळ्या भाजायला घेतल्या. धाकटी भावंडं पाटीभोवती नाचत होती, आणि सुरंगीला भूक लागली होती.

इकडे जंगलात सुरंगीचं नाव झालं. घर शोधणारी पोरंसोरं विचारू लागली, तिने हे केलं तरी कसं? याचं उत्तर द्यायला रंगनाथ पुढे आला. तो आता शांत, पांढुरक्या, विद्वान रंगाचा झाला होता. त्याने झऱ्याकाठी शिकवणी सुरू केली. नाव ठेवलं, ‘अन्यायकारक शुल्क कसं टाळावं’. शिकवणीला प्रवेश शुल्क होतं. बसायच्या दगडाची अनामत होती. सावलीचं वेगळं होतं, आणि शंका विचारायच्या असतील तर त्याचं आणखी वेगळं.

पहिल्याच दिवशी रांग नदीच्या वळणापर्यंत गेली. ससे आले, मुंगसं आली, तरुण पोपट आले. सगळ्यांनी सगळं भरलं. दगडाची अनामत कशासाठी, असं कुणीच विचारलं नाही. शंकांचं शुल्क भरायला कुणाकडे काही उरलंच नव्हतं.

तात्पर्य : भाड्याने घर घेताना भलतेसलते प्रश्न विचारू नयेत. प्रश्न फुकट असतात, आणि फुकट मिळणाऱ्या वस्तू चांगल्या घरातल्या मुलांनी वापरू नयेत. अगदी विचारायचंच असेल, तर आधी रीतसर शुल्क भरावं, पावती मागू नये, आणि मगच गप्प बसावं.